स्नेहलतागंजातलं भांड्यांचं मशीन

भांडी धुण्याची जुनी मशीनं मी दुरुस्त करतो असं कळलं, की इंदूरचा माणूस पहिला प्रश्न एकच विचारतो, "भिया, पोह्यांची हळद निघते का?"

खरं सांगतो, सगळी नाही निघत. स्टीलवरची निघते, चिनीमातीवरची दोनदा धुतलं तर निघते, प्लास्टिकवरची काही केल्या निघत नाही. ज्या गोऱ्यांनी ही मशीनं बनवली त्यांनी जन्मात पोहे खाल्ले नव्हते, त्याला मी काय करू? पण हे उत्तर ऐकून माणूस असा काही हिरमुसतो की जणू मीच त्याला फसवलंय.

लोकांना वाटतं हे मशीन म्हणजे नव्या जमान्याची चीज. बाजार खुला झाला, परदेशी कंपन्या आल्या, त्यांच्याबरोबर आलेली. अजिबात नाही. संस्थानच्या काळात बड्या अंमलदारांच्या आणि महूच्या साहेब लोकांच्या किचनमध्ये ती येऊन बसली होती. दिसायला कशी, तर पाण्याचा एक मोठा ड्रम तीन पायांवर उभा आहे असं समजा. आतून-बाहेरून पांढरं एनॅमल, वर झाकण. आत तारेची जाळी, तिच्यात भांडी तिरपी उभी करायची. तळाला पितळी पातं आणि ड्रमच्या खाली मोटर. वरून कढत पाणी ओतायचं, झाकण लावायचं, बटण दाबायचं. पातं फिरलं की पाणी उसळतं आणि भांड्यांवर आदळतं. पाव तासानं खालची तोटी उघडून घाण पाणी सोडायचं, मग साध्या कढत पाण्याची एक फेरी द्यायची. बस्स, एवढंच. कारंजाच तो, फक्त ताटांसाठी.

पण आपल्याकडे या मशीनांचे जे हाल झाले ते विचारू नका. महूच्या एका रिटायर्ड सुभेदारसाहेबांनी झाकण घट्ट बसतं म्हणून त्यात वर्षानुवर्षं कैरीचं लोणचं मुरवलं. मी सोडा घालून चारदा धुतलं, तरी त्यांच्या ताटांना हिंगाचा वास यायचा. गौतमपुऱ्याचे एक शेठ त्यात बटाटे धुवायचे. मी मशीन नीट करून दिलं, चालवून बघितलं आणि म्हटलं, "शेठजी, ताटांचं राहू द्या, तुम्ही बटाटेच धुवा, फार सुंदर निघतायत." अशी अकरा मशीनं माझ्या हाताखालून गेली. मात्र सगळ्यात पहिलं मशीन मी जवळजवळ माझ्याच हातानं मारलं होतं, आणि या अंकाच्या संपादकांना तेच ऐकायचंय. माणूस पडला कुठे, हे वाचायला लोकांना फार आवडतं.

मी मूळचा मिलचा फिटर. मधू फिटर म्हटलं की आमच्या भागात अजून चार माणसं बोट दाखवतील. आमची मिल काही एका दिवसात बंद झाली नाही. आधी तिसरी पाळी गेली, मग दुसरी, आणि एके सकाळी डबा घेऊन गेलो तर फाटकाला बाहेरून कुलूप. कुणी रिक्षा घेतली, कुणी पोह्यांचा ठेला लावला. आमच्या खात्यात जळलेल्या मोटरींत नवी तार भरणाऱ्या रशीदभाईंनी पंखे-कूलरचं दुकान टाकलं. माझ्याकडे काय होतं? एक लोखंडी पेटी, तिच्यात पाने, कानशी, कॅलिपर, आणि डोक्यात माज. आपण इंदूरच्या मिलचे फिटर आहोत, आपल्याला कोण विचारणार नाही! कुणीही विचारलं नाही. उलट "मिलवाला" हा शब्द लोक असा उच्चारायला लागले, जसं एखाद्या सरलेल्या सणाचं नाव घ्यावं.

माझ्या मेव्हण्यानं बायपासकडच्या एका नव्या कॉलनीत माझ्यासाठी चौकीदाराची नोकरी बघितली. नुसती बघितली नाही, वर्दीसुद्धा शिवून आणली. खाकी वर्दी आमच्या खोलीत खुंटीवर लटकली होती आणि मी जेवायला बसलो की बरोबर समोर यायची. शेवटी बायको, सुमन, म्हणाली, "अहो, नोकरी काय तुमची वाट बघत बसणार आहे का? एक काय ते बोला ना."

मी म्हटलं, "दसऱ्यापर्यंत थांब. तोवर फिटरचं काम हाती लागलं नाही, किंवा लागून ते मला जमलं नाही, तर पेटी विकतो आणि वर्दी घालतो. शब्द देतो." मध्ये सहा आठवडे होते.

त्याच आठवड्यात रशीदभाईंचा निरोप आला. "स्नेहलतागंज में एक मैडम हैं. कोई अंग्रेज जमाने की मशीन है. मोटर मैं भर दूँगा, बाकी तू देख. अपने बस का नहीं है."

पत्ता बघून पोहोचलो आणि फाटकाशीच पाय थबकले. हा बंगला मला माहीत होता. लहानपणी याच फाटकाबाहेर बसून मी आईची वाट बघायचो. माझी आई, सखूबाई, या घरचं अंगण झाडायची आणि कोळसा वाहायची. अंगणातल्या विहिरीशेजारी भिंतीत एक कोनाडा होता आणि त्यात निळ्या काठाचा एक एनॅमलचा कप पालथा असायचा. तो आमचा कप. त्यात वरून चहा ओतायचे, आई प्यायची, आणि तिनंच तो बाहेरच्या नळावर धुऊन परत कोनाड्यात पालथा घालायचा. घरातल्या भांड्यांना आईचा हात लागायचा नाही आणि आईच्या कपाला घरातल्या कुणाचा. माझे आजोबा महूच्या पलटणीतले, परमुलखात जाऊन लढून आलेले. त्यांच्या छातीवर बिल्ले होते आणि त्यांच्या सुनेला चहा मात्र कोनाड्यात. मला त्याचा राग तेव्हाही यायचा आणि आजही येतो, उगाच कशाला लपवू?

दार उघडलं ते कुमुदताईंनी. साठीच्या, कॉलेजात केमिस्ट्री शिकवून रिटायर झालेल्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. लग्न केलेलं नव्हतं. मला थेट किचनमध्ये नेलं. कोपऱ्यात धुळीनं माखलेलं ते तीन पायांचं धूड उभं होतं.

"माझे बाबा संस्थानच्या वीजखात्यात इंजिनिअर होते," त्या म्हणाल्या. "परदेशात गेले होते, तिकडून आईसाठी हे आणलं. आईनं पहिल्याच दिवशी सांगितलं, सगळ्यांचं उष्टं एकाच पाण्यात? माझ्या घरात चालणार नाही. संपलं! नंतर आमच्या भावानं गुपचूप थेट बोर्डाला जोडून बघितलं, तेव्हा धूर निघाला. बाबा गेले, पण मशीन चाललेलं काही त्यांनी पाहिलं नाही."

"आणि आता चालवायचंय?"

"एकदा. एकदाच चाललेलं बघायचंय मला. शिरीष, म्हणजे माझा भाचा, दसऱ्याला नवीन इंपोर्टेड मशीन आणतोय. तो तीच विकतो. त्या दिवशी भंगारवाला येऊन हे घेऊन जाणार. त्याच्या आधी जमेल का मधुकर?"

जमेल म्हटलं. न बघताच म्हटलं. फिटरला ही खोडच असते.

एवढ्यात आतून स्वयंपाकीणबाई आल्या, कृष्णाबाई. त्या घरात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "तू सखूचा ना रे? झाडायला यायची त्या सखूचा?" मी हो म्हटलं. बाईंना खरंच आनंद झाला, त्यात खोट नव्हती. लगबगीनं चहा केला, बाहेर गेल्या, आणि मला अंगणात बोलावलं. कोनाड्यातून तोच निळ्या काठाचा कप काढून त्यात वरून चहा ओतायला लागल्या. इतकी वर्षं झाली तरी तो कप तिथेच! रागानं नाही, माणुसकी म्हणून देत होत्या त्या. म्हणूनच जास्त लागलं.

"मी चहा पीत नाही," मी म्हटलं.

साफ खोटं. मी दिवसाला आठ कप पिणारा माणूस. पण बोललो ते बोललो, आता निभावणं आलं. पुढचे सहा आठवडे मी त्या घरी नुसत्या चहाच्या वासावर काम केलं.

मशीन खोललं तर पात्याचा दांडा तळाशी गंजून गच्च बसलेला. तीन दिवस रॉकेलमध्ये भिजवला, रोज हलक्या हातानं ठोकला, चौथ्या दिवशी सुटला. मोटर एकशेदहा व्होल्टची होती, म्हणून तर आपल्या बोर्डाला लावल्यावर तिनं प्राण सोडले होते. रशीदभाईंनी ती नव्यानं भरली. आतली जाळी साहेबांच्या बशांसाठी केलेली, आपल्या वाट्या तिच्यात ठरेनात. पाणी उसळलं की वाट्या चक्क उडायच्या. मी सायकलचे स्पोक वाकवून वाट्यांसाठी नवे दाते केले. कुमुदताई स्टूल घेऊन शेजारी बसायच्या आणि काही समजलं नाही की विचारायच्या. माझ्याशी असं कामाबद्दल मिलमध्येसुद्धा कुणी बोललं नव्हतं. मला ते आवडायला लागलं, खोटं कशाला बोलू?

पहिली ट्रायल घेतली तेव्हा मी बाजारातली धुण्याची पावडर दोन मुठी टाकली. झाकणाखालून फेस यायला लागला. आधी फरशीवर, मग ओट्याखाली, मग थेट व्हरांड्यात. कृष्णाबाई पाटावर चढून "बंद कर रे मेल्या, बंद कर!" म्हणून ओरडत होत्या. कुमुदताई मात्र हसून हसून लाल झाल्या. म्हणाल्या, "मधुकर, चूक माझी आहे, केमिस्ट्री माझा विषय. फेस हवाच कशाला? इथे घासायचं काम पाणी करतंय." त्यांनी धुण्याचा सोडा आणायला लावला, मोजून दोन चमचे टाकला. फेस नाही की काही नाही, आणि वरण चिकटलेली वाटी लखलखीत बाहेर. त्या दिवशी मला कळलं की जुनं मशीन समजून घ्यायचं म्हणजे आधी पाणी समजून घ्यायचं.

आता मुख्य गोष्ट. ड्रमच्या तळातून दांडा जिथे खाली मोटरकडे जातो तिथे एक भोक असतं. तिथून पाणी गळू नये म्हणून दांड्याभोवती चरबी लावलेली सुती दोरी भरतात आणि वरून एक नट आवळतात. त्याला आम्ही ग्लँड म्हणतो. मिलमध्ये पंपांना हेच असतं. तरुणपणी मला हे काम ज्यांनी शिकवलं ते आमचे उस्ताद म्हणायचे, "बेटा, ग्लँड को थोड़ा रोने दो. जो ग्लँड रोती नहीं, वो जलती है." म्हणजे काय, तर थेंब-थेंब पाणी झिरपलंच पाहिजे. तोच थेंब दांड्याला थंड ठेवतो. नट इतका आवळला की थेंबही पडेना, तर दोरी दांड्याला करकचून धरते, तापते आणि जळते. मिलचा कच्चा पोरही हे सांगेल.

दसऱ्याला आठ दिवस होते. मशीन छान चाललं होतं, खाली अधूनमधून एक थेंब पडत होता. तेवढ्यात शिरीष आला. गोड बोलणारा, टाय लावलेला. त्यानं वाकून बघितलं आणि म्हणाला, "अरे भिया, ये तो लीक मार रहा है! मावशी, बघ ना. हीच तर मिलवाल्यांची गंमत. काम होतं, पण फिनिशिंग नाही. म्हणून तर मिला बंद पडल्या."

 मिला का बंद पडल्या ते याला काय माहीत? मी समजावून सांगायला हवं होतं. त्याऐवजी काय केलं, तर पाना उचलला. नट पाव फेरी आवळला, थेंब कमी झाला. अजून पाव फेरी. थेंब थांबला.

"घ्या," मी म्हटलं. "एक थेंब दिसला तर नाव बदलीन."

शिरीषनं टाळ्या वाजवल्या. मला चढली. मशीन चालू ठेवून मी बंब, जळण, पाणी यांवर व्याख्यान देत उभा राहिलो. दहाएक मिनिटं झाली असतील, चरबी जळाल्याचा वास आला. मग मोटर कण्हायला लागली. मी झडप घालून बटण बंद केलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. दोरीचा कोळसा झाला होता आणि दांड्यावर करवतीनं ओरबाडावं तशा खोल रेघा पडल्या होत्या. आता कितीही दोरी भरली तरी त्या रेघांतून पाण्याची धार लागणार.

शिरीष म्हणाला, "जाऊ दे ना भिया, उमर हो गई मशीन की."

किती सोपं होतं मान हलवणं! जुनं होतं, गेलं, कुणालाही पटलं असतं. पण डोळ्यासमोर आले उस्ताद. मी कुमुदताईंना म्हटलं, "ताई, मशीनची काही चूक नाही. मशीन चांगलं होतं, मी खराब केलं. थेंब पडायलाच हवा हे मला माहीत होतं. यांच्या बोलण्याचा राग आला आणि मी नट आवळला."

त्या वाकून दांड्यावरच्या रेघा बघायला लागल्या. मग म्हणाल्या, "दांडा नीट होईल का?"

"चांगलं लेथ मशीन मिळालं तर रेघा कातून वर काशाची बाही, म्हणजे घट्ट नळी, चढवता येईल."

"मग इथे उभा काय राहिलास? शोध ना लेथ."

घरी गेलो तर समोर वर्दी. सुमननं तोंड बघून ओळखलं. रात्रभर मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या.

चार दिवस सांवेर रोडच्या कारखान्यांचे उंबरे झिजवले. एका दांड्यासाठी कुणी मशीन थांबवेना. पाचव्या दिवशी एका शेडमध्ये शिरलो आणि बघतो तर काय, कोपऱ्यात आमच्याच मिलचं लेथ! भंगारात निघालेलं, कुणीतरी उचलून आणलेलं. मला कसं कळलं? त्याच्या हँडलला मी स्वतः गुंडाळलेली तांब्याची तार अजून तशीच होती. मी त्या हँडलवर हात ठेवला आणि मला रडू फुटलं. मालक घाबरला. "क्या हुआ चाचा, करंट लगा क्या?"

मालक वैतागलेलाच होता. म्हणाला, हे लेथ सरळ कातत नाही, एका टोकाला जाड काढतं, उद्या भंगारात विकून टाकणार आहे. मी म्हटलं, "कागज है?" सिगारेटच्या पाकिटाचा कागद दोनदा दुमडून मागच्या आधाराखाली सारला आणि त्याला कातून दाखवलं. कॅलिपर लावला, दोन्ही टोकं सारखी. आम्ही वर्षानुवर्षं असंच चालवत होतो, हे त्या लेथचं आणि आमचं गुपित होतं. मालकानं तोंडात बोट घातलं. मग म्हणाला, "चाचा, दिनभर आपकी मशीन." आपकी म्हणाला तो. संध्याकाळपर्यंत दांडा कातून, बाही चढवून, आरशासारखा करून मी स्नेहलतागंजात हजर.

दोन दिवस जोडणीत गेले. दसऱ्याच्या सकाळी कुमुदताईंच्या घरी दाराला झेंडूचं तोरण होतं. आमच्या घरी आई पांढरं लुगडं नेसून विहाराकडे निघाली होती. दसरा त्यांचाही आणि आमचाही, कारणं वेगळी. निघताना तिनं विचारलं, "मशीन चालणार ना रे?" मी म्हटलं, "चालणार."

किचनमध्ये एका बाजूला शिरीषच्या नव्या मशीनचं खोकं, दाराशी भंगारवाल्याची हातगाडी, आणि मध्ये आम्ही. मी ग्लँडखाली एक छोटी वाटी ठेवली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "या वाटीत थेंब पडेल. पडलाच पाहिजे. पडायचा थांबला तर मला बोलवा, पडतोय तोवर सगळं ठीक आहे." 

ताटं, वाट्या, पातेलं, सगळं जाळीत लावलं. चहाचे कप लावायला घेतले, आणि माझे हात थांबले. मी अंगणात गेलो. कोनाड्यातला निळ्या काठाचा कप उचलला, आत आलो आणि त्यांच्या फुलाफुलांच्या कपांच्या मधोमध जाळीत बसवला.

कृष्णाबाई दचकल्या. "अरे, तो कप... तो बाहेरचा आहे!"

"हो," मी म्हटलं. "बाहेरचाच आहे. आज आत जाऊन येऊ दे."

  मशीन राहिलं बाजूला, आता या क्षणी ताई काय म्हणतात यावर माझं सगळं टांगलं होतं. कुमुदताईंनी हातातला कप बघितला, त्यात सकाळचा चहा पिऊन झाला होता. तो उष्टा कप त्यांनी तसाच माझ्या आईच्या कपाला खेटून ठेवला. आणि म्हणाल्या, "चल, ओत पाणी."

बंबातलं कढत पाणी ओतलं. सोडा दोन चमचे. झाकण. बटण मी ताईंना दाबायला लावलं.

आधी घूं असा आवाज, मग आतून पाणी आदळल्याचा तो दणदणीत खळखळाट. अहाहा! मिलमध्ये सगळे साचे, म्हणजे माग, एकदम सुरू झाल्यावर जे वाटायचं तेच वाटलं. वाटीत टप्पकन एक थेंब पडला. थोड्या वेळानं दुसरा. ताई डोळे पुसत होत्या आणि "बाबा, बघा" असं काहीतरी पुटपुटत होत्या. पाव तास झाला, घाण पाणी सोडलं, साध्या पाण्याची फेरी दिली, झाकण उघडलं. वाफेचा लोट आला आणि आत सगळी भांडी झगमगत उभी. भंगारवालासुद्धा "क्या बात है!" म्हणून पुढे आला. शिरीषनं एक ताट उचललं, नखानं घासून बघितलं, उजेडात धरलं, आणि माझ्याकडे बघून हात जोडले. "भिया, मान गए." मनानं वाईट नव्हता पोरगा.

"कृष्णाबाई, चहा टाका," कुमुदताई म्हणाल्या. "याला नको, हा पीत नाही."

"आज पितो," मी म्हटलं.

कृष्णाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "म्हणजे एवढे दिवस नाटक करत होतास, मेल्या?" असं म्हणाल्या, आणि मग त्यांचं त्यांनाच काहीतरी उमगलं असावं. खाली बघत आधण ठेवायला गेल्या.

चहा आला. ताईंनी गरमागरम कप जाळीतून स्वतः काढले. मला फुलाफुलांचा दिला. स्वतःसाठी निळ्या काठाचा घेतला, त्यात चहा ओतला आणि सगळ्यांसमोर, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या. मला आयुष्यात कधी कुणी मेडल दिलं नाही. त्या दिवशीनंतर त्याची हौसही उरली नाही.

मशीन भंगारात गेलं नाही. भंगारवाला चहा पिऊन रिकामी गाडी घेऊन गेला. मी निघताना ताईंना म्हटलं, हा कप मी नेतो. त्यांनी तो कागदात गुंडाळून हातात दिला.

घरी आलो. सुमननं माझी चाल बघितली आणि खुंटीवरची वर्दी काढून घडी घातली. मेव्हण्याला परत द्यायला. आई विहारातून येऊन पांढऱ्या लुगड्यातच ओट्यावर बसली होती. मी कप तिच्या मांडीवर ठेवला. तिनं तो लगेच ओळखला. फिरवून फिरवून बघितला, काठावरून बोट फिरवलं.

"चकचकीत केलायस की रे. कुणी धुतला?"

"त्यांच्या घरच्या मशीननं."

"मशीन कुणी नीट केलं?"

"मी."

"म्हणजे अजून आपणच धुतोय की!" म्हणाली आणि खो खो हसत सुटली. मलाही हसू आवरेना. सुमन बाहेर आली, तीही हसायला लागली. मग आईचं हसू हळूहळू थांबलं. कप हातात तसाच धरून तिनं विचारलं, "वेगळा धुतला असेल ना?"

"नाही आई. सगळ्यांच्या भांड्यांत. ताईंच्या उष्ट्या कपाला लावून."

"एकाच पाण्यात?"

"एकाच पाण्यात."

"खरं सांग मधू. एकाच?"

"आई, एकाच पाण्यात."

 तिनं पदरानं डोळे टिपले, कप माझ्यापुढे केला आणि म्हणाली, "जा, चहा ठेव. यातच आण."